पुस्तक फाडले, पण प्रश्नाचे काय?



गेले तीन रविवार आपल्या मिस्सामध्ये पेटी वाजलेली नाही. गायन झाले, ढोलकी होती, टाळही होते. पण पेटी कापडाखाली झाकलेलीच राहिली. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटले असेल की पेटी बिघडली आहे. आपल्याला ठाऊक आहे की पेटी ठीक आहे, वाजवणारी मुलगी येत नाही. का येत नाही, हेही ठाऊक आहे. गावात त्यावर पुष्कळ बोलणे झाले, फक्त चर्चमध्ये झाले नाही. म्हणून आज त्याच विषयावर लिहायचे आम्ही ठरवले. नाव कोणाचेही घेणार नाही, घेण्याची गरजही नाही.

गेल्या दिवाळीत ही मुलगी पुण्याला गेली होती. तेथून अप्पा बळवंत चौकातून तिने एक जुने पुस्तक आणले, ‘द दा विंची कोड’ या इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद. ते पुस्तक वर्तमानपत्राच्या वेष्टनात आपल्या धर्मग्रामात घरोघर फिरले. एका कुटुंबाबरोबर तर ते ऊसतोडीला कारखान्यावर गेले आणि पाडव्यानंतर परत आले. कोणी म्हणाले, हे सैतानाचे काम आहे. कोणी म्हणाले, नुसती गोष्ट आहे, वाचा आणि विसरा. एक-दोघे म्हणाले, यात तथ्य असणार, नाही तर चर्चने एवढा विरोध कशाला केला असता? जून महिन्यातील एका रविवारी मिस्सानंतर लिंबाच्या झाडाखाली यावरून वाद वाढला. आपल्या एका ज्येष्ठ बंधूंनी ते पुस्तक त्या मुलीच्या हातातून ओढून घेतले आणि मधोमध फाडले. काहींनी टाळ्या वाजवल्या. मुलगी पाने गोळा करून निघून गेली.

त्या वेळी आम्ही पायरीवर उभे होतो. आम्ही काही बोललो नाही. आज जे लिहीत आहोत ते खरे तर त्याच दिवशी, त्याच झाडाखाली बोलायला हवे होते.

त्या बाबांविषयी आधी सांगतो, कारण तरुण मंडळी त्यांना हट्टी म्हणून मोकळी झाली आहेत. बाबांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावात त्यांच्यासाठी पाण्याची जागा वेगळी होती. माणूस म्हणून नावाने हाक मारणारा, शेजारी बसवून घेणारा देव त्यांना प्रभू येशूच्या रूपाने भेटला. त्या घराला शेत मिळाले नाही की पैसा मिळाला नाही. मिळाले ते एवढेच, आणि ते त्यांनी जपले. २००६ साली या कादंबरीवरचा चित्रपट आला तेव्हा स्टँडजवळच्या टपरीवर कोणीतरी बाबांना हसत म्हणाले, “तुमचा देव तर लग्नाचा निघाला की!” बाबांना उत्तर देता आले नाही. त्यांनी त्या टपरीवर चहा पिणे सोडले. ती जखम एवढी वर्षे तशीच होती, आणि परवा तेच पुस्तक त्यांना आपल्याच चर्चच्या आवारात, आपल्याच पोरीच्या हातात दिसले. बाबांनी केले ते चूकच होते, आणि आम्ही त्यांना तसे सांगितले आहे. पण ते कोठून आले, हे समजून घ्यावे लागेल.

तरुणांना कदाचित आठवत नसेल म्हणून थोडा इतिहास सांगतो. डॅन ब्राऊन या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. २००५ साली जेनोवाचे कार्डिनल बेर्तोने यांनी ती विकत घेऊ नका, वाचू नका असे आवाहन केले. खप काही कमी झाला नाही. मे २००६ मध्ये चित्रपट आला. मुंबईत आपल्या लोकांनी निदर्शने केली, उपोषणाची भाषा झाली. एका माजी नगरसेवकाने तर लेखकाला जिवंत वा मृत आणून देणाऱ्यास ११ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. क्रुसावरून मारेकऱ्यांना क्षमा करणाऱ्या प्रभूच्या नावाने बक्षीस! तेव्हाचे केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी कॅथलिक प्रतिनिधींसोबत चित्रपट पाहिला. शेवटी ‘फक्त प्रौढांसाठी’ असे प्रमाणपत्र देऊन आणि ही कथा काल्पनिक आहे अशी सूचना जोडून तो प्रदर्शित झाला. गोवा, पंजाब, नागालँड, तामिळनाडू, आंध्र प्रदेश अशा काही राज्यांनी बंदी घातली. आंध्र आणि मद्रास उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यातील बंदी उठवली, सर्वोच्च न्यायालयानेही बंदीची मागणी फेटाळली. म्हणजे निदर्शने झाली, कोर्ट झाले, बंदी झाली आणि उठली. आणि टपरीवर बाबांना जो प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तर काही त्यांना कोणी आणून दिले नाही.

आता त्या पुस्तकाकडे येऊ. आम्ही ते वाचले आहे. सांगायला संकोच वाटत नाही. न वाचता त्यावर लिहिणे हीच लबाडी झाली असती. कथा वेगवान आहे, रात्री दोनपर्यंत जागवते. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकवणारे एक वृद्ध धर्मगुरू ॲरिस्टॉटलचा एक विचार नेहमी सांगत. इतिहासकार घडले ते सांगतो, कवी घडू शकेल ते सांगतो. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. अडचण कोठे येते? जेव्हा एकाच्या अंगावर दुसऱ्याचा झगा चढतो तेव्हा. या कादंबरीच्या सुरुवातीलाच एक पान आहे, त्यावर मथळा ‘सत्य’ अशा अर्थाचा. एक गुप्त संघटना खरोखर अस्तित्वात आहे, ती १०९९ साली स्थापन झाली, असे तेथे सांगितले आहे. वस्तुस्थिती अशी की ‘प्रायरी ऑफ सायन’ नावाची ही संस्था १९५६ साली फ्रान्समध्ये प्येर प्लांतार नावाच्या माणसाने नोंदवली. नंतर खोटी कागदपत्रे तयार करून ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवण्यात आली. पायाच बनावट, मग वर कितीही मजले चढवा.

तर्कशास्त्रात याला फार सोपी कसोटी आहे. ‘असू शकते’, ‘असेल’ आणि ‘आहे’ हे तीन वेगळे शब्द आहेत. कादंबरीतील पंडित पहिल्या पानावर ‘असू शकते’ म्हणतात, दहाव्या पानावर ‘असेल’, आणि पन्नासाव्या पानावर ‘आहेच’. मधल्या चाळीस पानांत पुरावा आलेला नसतो, फक्त मोटारी धावलेल्या असतात. तरुणांनो, पुस्तक हातात घ्याल तेव्हा हे तीन शब्द पेन्सिलीने खूण करून वाचा. पुष्कळ काही आपोआप उलगडेल.

येशूने लग्न केले का? सगळा गदारोळ याच प्रश्नावर झाला. आम्हाला या गदारोळाचेच नवल वाटते. विवाह हा आपल्या सात साक्रामेंतांपैकी एक आहे. लग्न म्हणजे काही कलंक नव्हे की ते ऐकून प्रभूची बेअब्रू झाली असे वाटावे. आपल्या अनेकांच्या संतापामागे संसाराविषयीची ही तुच्छता तर दडलेली नाही ना, हे ज्याचे त्याने पाहावे. येशू अविवाहित होता असे आपण मानतो ते लग्न वाईट म्हणून नव्हे, तर शुभवर्तमानांत तसा एकही उल्लेख नाही म्हणून. संत पौल करिंथकरांना लिहिताना बायकोला सोबत घेऊन फिरण्याचा प्रेषितांना हक्क आहे असे सांगतो आणि पेत्राचे उदाहरण देतो, प्रभूच्या भावांचे देतो. खुद्द प्रभू विवाहित असता तर सर्वांत मोठे उदाहरण त्याने गाळले असते का?

आणखी एक गोष्ट आपल्या गावच्या बायकांना चटकन समजेल. शुभवर्तमानांत बाईची ओळख बहुधा कशी करून दिली जाते? जशी आपल्याकडे अजूनही होते, अमक्याची बायको, तमक्याची आई. खुजाची बायको योहान्ना. याकोबाची आई मरिया. पण मग्दालीया मरिया मात्र तिच्या गावाच्या नावाने ओळखली जाते, मग्दालाची मरिया. ना कोणाची बायको, ना कोणाची आई. ती येशूची पत्नी असती तर तिला गावाच्या नावाने हाक मारण्याचे कारणच नव्हते.

कादंबरीत ‘फिलिपचे शुभवर्तमान’ नावाच्या लेखाचा आधार घेतला आहे. हा लेख १९४५ साली इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडला. तो आपल्या चार शुभवर्तमानांनंतर खूप उशिरा, बहुधा तिसऱ्या शतकात रचला गेला. त्यात मरियेला येशूची सोबतीण म्हटले आहे. कादंबरीतील पंडित म्हणतात की अरामी भाषेत या शब्दाचा अर्थ पत्नी होतो. पण सापडलेला लेख अरामी नाहीच, तो कॉप्टिक भाषेत आहे, आणि तो शब्द ग्रीकमधून आलेला आहे. येशू तिचे चुंबन घेत असे, असे पुढे येते. पण कोठे, तो शब्द जेथे असायला हवा तेथेच हस्तलिखिताला भोक पडले आहे! ते भोक लोकांनी आपापल्या इच्छेप्रमाणे भरले.

खरी गंभीर गोष्ट मात्र दुसरीच आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे कोणीच रागावलेले आम्ही पाहिले नाही. कादंबरी म्हणते की येशूला लोक फक्त थोर माणूस मानत होते, इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने नायसियाच्या धर्मपरिषदेत मतदान घेऊन त्याला देव ठरवले, आणि मतेही थोडक्या फरकाने पडली. हे खरे असेल तर आपला रविवार, आपली मिस्सा, आपला क्रूस सगळेच सरकारी ठराव ठरतात. लग्नाच्या गोष्टीपेक्षा हा घाव कितीतरी खोल आहे.

म्हणून नीट लक्ष द्या. नायसिया हे शहर आजच्या तुर्कस्तानात, तेव्हाच्या बिथुनिया प्रांतात. याच प्रांताचा कारभार त्या परिषदेच्या २०० वर्षे आधी प्लिनी नावाचा रोमन अधिकारी पाहत होता. तो ख्रिस्ती नव्हता, उलट ख्रिस्ती लोकांना शिक्षा देणारा होता. इ.स. ११२ च्या सुमारास त्याने सम्राट ट्राजानला कळवले की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे गीत गातात. शत्रूची साक्ष आहे ही. संत पौलाची पत्रे तर त्याहून जुनी, प्रभूच्या मरणानंतर वीस-तीस वर्षांतली. नायसियात वाद झाला तो येशू निव्वळ माणूस की देव असा नव्हताच. पुत्र पित्याच्या बरोबरीचा की पित्याने निर्माण केलेला, असा तो वाद होता. एरियस नावाच्या धर्मगुरूचे म्हणणे होते की पुत्र निर्माण केलेला आहे. परंपरेने त्या परिषदेला ३१८ महागुरुस्वामी होते असे सांगतात. शेवटी सही करायला नकार देणारे महागुरुस्वामी निघाले दोन. याला थोडक्या फरकाची मते म्हणायचे तर आपल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला काय म्हणावे?

२०२५ साली त्या परिषदेला १७०० वर्षे झाली आणि पोप लिओ चौदावे स्वतः तेथे प्रार्थनेला गेले. मिस्सामध्ये आपण दर रविवारी जो श्रद्धेचा अंगीकार घडाघडा म्हणतो, त्याची मुळे त्या गावात आहेत. आपण तो इतका घडाघडा म्हणतो की त्यातील एखादे वाक्य कोणासाठी, कशासाठी झगडून लिहिले गेले याचा पत्ताच नसतो.

आता त्या कोपीतील गोष्ट. ऊसतोडीच्या हंगामात आपली एक सून रात्री चुलीच्या उजेडात ही कादंबरी मोठ्याने वाचत असे आणि आजूबाजूच्या कोपीतल्या बायका ऐकायला जमत. त्यांपैकी एक मावशी परवा आमच्याकडे आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, “फादर, लगीन झालं का न्हाई ते राहू द्या. पण ती मरिया खरंच वाईट चालीची होती का? लहानपणापासनं आम्हाला तेच सांगितलंय. ह्या पुस्तकात तर म्हणत्यात ते खोटं हाय.”

या सगळ्या वादात आम्हाला विचारला गेलेला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच. आणि याचे उत्तर असे की मावशी, या एका बाबतीत पुस्तक बरोबर आहे. शुभवर्तमानात कोठेही मग्दालीया मरियेला वेश्या म्हटलेले नाही. लूक सांगतो की तिच्यातून सात भुते निघाली होती आणि ती इतर बायकांसह स्वतःच्या पैशाने प्रभूची व शिष्यांची सेवा करीत असे. प्रभूचे पाय आसवांनी भिजवणारी पापी स्त्री वेगळी, तिचे नावच दिलेले नाही. बेथानीची मरिया तर तिसरीच. इ.स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी पहिले यांनी एका उपदेशात या तिघींना एक केले, आणि पुढे जवळजवळ चौदाशे वर्षे पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत तेच चालू राहिले. केस मोकळे सोडून रडणारी बाई म्हणून चित्रकारांनी तिला रंगवले, आम्हीही वेदीवरून तसेच सांगितले. १९६९ साली सणांच्या यादीत सुधारणा झाली तेव्हा ही चूक मागे पडली. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैचा तिचा स्मृतिदिन प्रेषितांच्या सणांच्या दर्जाला नेला.

चूक ख्रिस्तसभेची होती, ती कबूल करायला कमीपणा नाही. पण कादंबरी तरी तिला काय देते? तिला गुप्त पत्नी करते, एका राजवंशाची आई करते. म्हणजे तिची किंमत पुन्हा नवऱ्यावरून आणि कुशीवरूनच! योहानाने लिहिले आहे ते याहून कितीतरी मोठे आहे. पुरुष शिष्य रिकामी कबर पाहून घरी गेले, ती बाहेर रडत उभी राहिली. उठलेल्या प्रभूला तिने माळी समजले. त्याने तिला नुसती नावाने हाक मारली आणि तिने ओळखले. मग प्रभूने जगातील पहिला पुनरुत्थानाचा निरोप तिच्या हाती दिला. तो तिने शिष्यांना नेऊन सांगितला तेव्हा, लूक म्हणतो, त्यांना त्या बायकांचे बोलणे वायफळ वाटले. बाईच्या बोलण्याला किंमत न देण्याची खोड प्रेषितांपासूनची आहे. लिंबाच्या झाडाखाली आपण काही नवीन केले नाही.

बंदीविषयी एक आठवण द्यावीशी वाटते. सोळाव्या शतकात गोव्यात मिशनरी मंडळींनी नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद केली, पुस्तके नष्टही केली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विट धर्मगुरूंनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली छापले गेले. त्यातच असा प्रसंग आहे की एक नवख्रिस्ती माणूस पाद्रींना विचारतो, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ते पुराण म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर आहे. फादर स्टीफन्स त्या माणसावर रागावले नाहीत. त्यांनी ओळखले की माणसाचे वाचन काढून घेतले तरी भूक राहतेच. ख्रिस्तसभेनेही १५५९ पासून चालवलेली निषिद्ध पुस्तकांची यादी १९६६ साली बंद केली आणि काय वाचावे, काय नाही, हे श्रद्धावंताच्या सदसद्विवेकावर सोपवले. मग धर्मग्रामाच्या आवारात ती यादी पुन्हा कोणी सुरू करावी?

पण सदसद्विवेकालाही काही खाऊ घालावे लागते. येथे आमचा दोष येतो. आपल्याकडे धर्मशिक्षण प्रथम कम्युनियनपर्यंत चालते आणि दृढीकरणाला संपते. चौदाव्या वर्षी जे कळले तेवढ्यावर माणूस सत्तराव्या वर्षापर्यंत भागवतो. २०२० साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले. एक धर्मगुरू अध्यक्ष होतो म्हणून धमक्यांचे फोन आले, तरी ते आजारपणात आले आणि बोलले. केवढा अभिमान वाटला आपल्याला! २०२४ साली ते देवाघरी गेले. त्यांचे ‘सुबोध बायबल’, ज्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आपल्या चर्चच्या कपाटात आहे. कधी कोणी वाचले? वाचणार कसे, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली आमच्या खिशात. एक कादंबरी गावभर फिरली आणि बायबल कुलपात राहिले. हे बाबांनी केले नाही, त्या मुलीनेही केले नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. फाटलेले पुस्तक तिने चिकटपट्टीने जोडून ठेवले आहे. ती म्हणाली, “फादर, हे वाचल्यावर मी पहिल्यांदा योहानाचं शुभवर्तमान पूर्ण वाचलं, खरं काय ते बघायला. ते कोणी विचारलंच नाही.” आम्हालाही विचारायचे सुचले नव्हते. पेटीविषयी तिने काही सांगितले नाही.

गुरुवारी बाबा आले. माफीबिफी काही बोलले नाहीत. चारशे रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “पोरीला द्या. पण तेच पुस्तक पुन्हा घेऊ नको म्हणा.” पैसे आम्ही पोचवले आहेत. निरोपाचा दुसरा भाग मात्र सांगितलेला नाही, तो बाबांनी स्वतः सांगावा.

येत्या २२ जुलैला मग्दालीया मरियेच्या सणाची मिस्सा संध्याकाळी होईल. त्यानंतर चर्चमध्येच सतरंजी टाकून वाचन सुरू करू. पहिल्या दिवशी लूकचा आठवा अध्याय आणि योहानाचा विसावा. वाचता येते त्यांनी वाचावे, येत नाही त्यांनी ऐकावे आणि विचारावे. पहिला प्रश्न मावशींचा. कादंबरी वाचलेल्यांनी ती सोबत आणायला हरकत नाही, कोणी हात लावणार नाही, याची जबाबदारी आमची. कपाटाची किल्ली आजपासून मिस्साचे झगे ठेवतो त्या खोलीच्या दाराशेजारी खिळ्याला टांगली आहे. पुस्तक नेताना वहीत नाव आणि तारीख लिहावी.

आपले धर्मगुरू